काळ्या पडद्याची दुखणी

विंडोज १०चं नियमित समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलं आणि सोलापूरच्या पेठांमधल्या व्यापाऱ्यांच्या गाद्यांवर नवे संगणक आले. त्यांच्यामागोमाग आमच्याकडे पत्रं आली. जुना काळ्या पडद्याचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीचा, प्रोग्राम उघडत नाही, उघडला तर छापत नाही, छापला तर पान सरकतं, अशा त्या तक्रारी. त्यांतली काही पत्रं इथे घेतली आहेत. एक खुलासा आधीच करतो. आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. संगणकावर ती इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टाइप करायची आहेत.

प्रश्न : चादर-टॉवेलचा घाऊक व्यापार आहे. क्लिपर या डॉसवरच्या जुन्या भाषेत करून घेतलेला स्टॉक-उधारीचा प्रोग्राम विंडोज ७च्या ३२ बिट संगणकावर चालत होता. नव्या विंडोज ११वर डबल क्लिक केलं की 'हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही' एवढंच येतं. कंपॅटिबिलिटीत विंडोज ९५, ९८, एक्सपी सगळं निवडून पाहिलं. प्रोग्राम करून देणारे आता गावात नाहीत.
— साखर पेठ

उत्तर : कंपॅटिबिलिटीच्या यादीत वेळ घालवू नका, तिचा इथे उपयोग नाही. ती यादी विंडोजच्या जुन्या प्रोग्रामांसाठी आहे, तुमचा प्रोग्राम डॉसचा, म्हणजे १६ बिटचा आहे. ३२ बिट विंडोजमध्ये डॉसचे प्रोग्राम चालवायला एनटीव्हीडीएम नावाचा भाग होता आणि तो प्रोसेसरच्या 'व्हर्च्युअल ८०८६' या सोयीवर उभा होता. प्रोसेसर ६४ बिट पद्धतीत चालू असताना ही सोय मिळत नाही. म्हणून ६४ बिट विंडोजमध्ये तो भाग कधी आलाच नाही, आणि विंडोज ११ची ३२ बिट आवृत्तीच निघालेली नाही. सेटिंग बदलून सुटणारी ही गोष्ट नव्हे.

प्रोग्राम नक्की कोणत्या जातीचा, याची खात्री नोटपॅडमध्ये होते. ईएक्सई फाइल नोटपॅडमध्ये उघडा (काही बदलू नका, सेव्ह करू नका). सुरुवातीला एमझेड ही अक्षरं दिसतील. त्यानंतर लगेच 'हा प्रोग्राम डॉसमध्ये चालवता येणार नाही' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य दिसलं, तर तो विंडोजचा प्रोग्राम आहे आणि त्याचं दुखणं वेगळं. ते वाक्य नसेल तर बहुधा डॉसचा. नावापुढे कॉम असेल तर डॉसचाच.

डॉसच्या प्रोग्रामासाठी डॉसबॉक्स लागतो. तो एका खिडकीत अख्खा जुना संगणक सॉफ्टवेअरनं उभा करतो. मूळ डॉसबॉक्स ०.७४ खेळांसाठी लिहिलेला आहे. धंद्यासाठी डॉसबॉक्स-एक्स घ्या, त्यात छपाईची सोय आहे. दोन्ही मोफत आहेत.

आधी जुन्या संगणकावरचं पूर्ण फोल्डर दोन ठिकाणी उतरवा आणि एक प्रत पेनड्राइव्हवर घालून कपाटात ठेवा. नोंदी ठेवणाऱ्या डीबीएफ फाइली सगळे आठवणीनं घेतात, डीबीटी मात्र राहून जातात. शेरे, पत्ते अशा लांब नोंदी डीबीटीत असतात आणि ती फाइल नसेल तर तिची डीबीएफ उघडत नाही.

आता फोल्डर कुठे ठेवायचं हे नीट पाहा, कारण इथेच जास्त लोक अडकतात. समजा जुन्या संगणकावर प्रोग्राम सी:\हिशोब मध्ये होता. अशा अनेक प्रोग्रामांत हा पत्ता आतच कायमचा लिहिलेला असतो. तेव्हा नव्या संगणकावर डी:\डॉस असं फोल्डर करा आणि हिशोब हे फोल्डर त्याच्या पोटात ठेवा. मग डॉसबॉक्सला सांगायचं की डी:\डॉस म्हणजेच तुझी सी ड्राइव्ह. असं केलं की आतल्या प्रोग्रामला सी:\हिशोब जसंच्या तसं दिसतं. थेट डी:\हिशोबलाच सी केलंत, तर फाइल सापडत नसल्याची ओरड सुरू होते. फोल्डरचं नाव आठ अक्षरांच्या आत ठेवा, मध्ये जागा सोडू नका. डेस्कटॉपवर ठेवू नका. नव्या संगणकांत डेस्कटॉप बऱ्याचदा वनड्राइव्हला जोडलेला असतो, आणि उघड्या डीबीएफवर वनड्राइव्हनं हात टाकला की गोंधळ होतो.

डॉसबॉक्सच्या कॉन्फ (सेटिंगच्या) फाइलच्या शेवटी ऑटोएक्झेक असा भाग असतो, त्यातल्या आज्ञा सुरुवातीलाच आपोआप चालतात. त्यात एकाखाली एक इतक्या ओळी लिहा: 'माउंट सी डी:\डॉस', मग 'सी:', मग 'सीडी हिशोब', मग 'सेट क्लिपर=एफ:१००', मग प्रोग्रामचं नाव, आणि शेवटी 'एक्झिट'. चौथी ओळ क्लिपर ५ची आहे. एका वेळी किती फाइली उघडायच्या ते ती सांगते. ती नसेल आणि मुख्य यादी उघडताना 'डॉस एरर ४' आला, तर त्याचा अर्थ एकच: उघड्या फाइलींची संख्या मर्यादेबाहेर गेली. मग कॉन्फमधला 'फाइल्स' आकडाही १२७ करा.

प्रोग्राम सुरू झाल्यावर लगेच नवी बिलं करू नका. आधी मेनूतून रीइंडेक्स करा (म्हणजे नोंदींची सूची नव्यानं बनवा), मग मागच्या ३१ मार्चची शिल्लक जुन्या संगणकाशी ताळून पाहा. कामगारांना एक ताकीद द्या: खिडकीच्या कोपऱ्यातल्या फुलीनं डॉसबॉक्स कधीही बंद करायचा नाही, आधी प्रोग्रामच्या मेनूतून बाहेर पडायचं. एकूण नोंदी किती, हा आकडा डीबीएफच्या डोक्यावर लिहिलेला असतो आणि बहुतेक वेळा फाइल रीतसर बंद होतानाच तो बदलतो. फुलीनं बंद केलं की शेवटची दहा बिलं फाइलीत असूनही प्रोग्रामला दिसत नाहीत.

प्रश्न : बिल दहा बाय बारा इंचांच्या सलग कागदावर डॉट मॅट्रिक्सवर छापतो. नवा प्रिंटर घेतल्यापासून प्रत्येक पान थोडं थोडं सरकतं, चौथ्या बिलाला पार्टीचं नाव छिद्रांच्या घडीवर येतं. शिवाय ऑफिसातल्या यूएसबी लेझर प्रिंटरवर डॉसमधून काहीच येत नाही.
— नवी पेठ

उत्तर : सरकण्याचं गणित सोपं आहे. एका इंचात सहा ओळी, म्हणून बारा इंची कागदाला ७२ ओळी. पण बरेच प्रिंटर कारखान्यातून अकरा इंची पानावर, म्हणजे ६६ ओळींवर लावून येतात. पान संपलं की प्रोग्राम फॉर्म फीड, म्हणजे पुढच्या पानावर जायचा हुकूम, पाठवतो (कोड १२), आणि प्रिंटर स्वतःच्या समजुतीप्रमाणे ६६ ओळींवर थांबतो. दर पानाला सहा ओळींचा, म्हणजे एक इंचाचा फरक पडतो. प्रिंटरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये पानाची लांबी बारा इंच करा. अर्ध्या पानाचं, सहा इंची बिल असेल तर ३६ ओळी. एप्सनच्या भाषेत हा हुकूम तीन आकड्यांचा आहे: २७, ६७ आणि मग ओळींची संख्या. प्रोग्राममध्ये 'प्रिंटर सेटअप कोड' अशी जागा असेल तर तो तिथे भरा, म्हणजे प्रिंटर बदलला तरी बिल हलणार नाही. त्याच जागी १५ हा आकडा दिसला तर तो बारीक अक्षरांचा हुकूम आहे. साध्या अक्षरांत आठ इंचांत ८० अक्षरं बसतात, बारीक अक्षरांत सुमारे १३७. छपाईनंतर १८ पाठवून ती अक्षरं परत मोठी करायची, नाहीतर पुढचा साधा अहवालही मुंग्यांसारखा येतो.

लेझरचं म्हणाल तर, स्वस्तातले अनेक यूएसबी प्रिंटर साधा मजकूर समजतच नाहीत. पान कसं दिसेल ते विंडोजमधला ड्रायव्हर चित्रासारखं रंगवतो आणि तयार चित्र प्रिंटरकडे पाठवतो. डॉसचा प्रोग्राम नुसती अक्षरं सोडतो, ती प्रिंटरच्या डोक्यावरून जातात. डॉसबॉक्स-एक्समध्ये 'पॅरलल१' या ओळीपुढे 'प्रिंटर' लिहिलं की तो स्वतः जुना एप्सन असल्यासारखा वागतो आणि तयार पान विंडोजच्या प्रिंटरकडे देतो. लेझरसाठी हेच लावा.

डॉट मॅट्रिक्सला मात्र ही मध्यस्थी नको. अक्षरांचं चित्र करून पाठवलं की प्रिंटर रेघ-रेघ घासत बसतो आणि एक बिल संपायची वाट पाहावी लागते. त्याच ओळीपुढे 'फाइल' लिहा, म्हणजे छपाईचा मजकूर जसाच्या तसा एका फाइलीत उतरतो. प्रिंटर विंडोजमध्ये 'जेनेरिक टेक्स्ट ओन्ली' या ड्रायव्हरनं बसवून शेअर करा, शेअरचं नाव छोटं ठेवा. मग बॅच फाइलमध्ये (आज्ञा ओळीनं लिहून ठेवलेली फाइल) एकच ओळ पुरते: 'कॉपी /बी', फाइलचं नाव, मग \\संगणकाचं-नाव\शेअरचं-नाव. /बी विसरू नका. ते नसलं की २६ या आकड्याला कॉपीची आज्ञा फाइलचा शेवट समजू शकते आणि बिल मध्येच तुटतं.

प्रश्न : पतसंस्थेच्या सभासदांची नोंदवही पूर्वी जिस्ट कार्ड घातलेल्या संगणकावर ठेवली होती. नावं मराठीत आहेत, काही तेलुगू आणि कानडीत. तो संगणक बंद पडला. फाइली वाचल्या आहेत, पण नव्या संगणकावर नावांच्या जागी परदेशी अक्षरं आणि चौकटी दिसतात. सगळी नावं पुन्हा टाइप करावी लागतील का?
— भवानी पेठ

उत्तर : नाही लागणार, पण घाईनं काही 'दुरुस्त' करायला जाऊ नका. फाइल बिघडलेली नाही. तिच्यातले आकडे कोणत्या अक्षरांचे, हे नव्या संगणकाला माहीत नाही, एवढंच. जिस्ट हे संगणकावर भारतीय लिप्या दाखवण्याचं पुण्याच्या सी-डॅकचं तंत्र. कार्ड जुन्या आयसा खाचेत बसायचं, ती खाच आजच्या मदरबोर्डवर नसते, तेव्हा कार्डाचा नाद सोडा. मजकूर इस्की या भारतीय मानकात (आयएस १३१९४, १९९१) साठवलेला असण्याची शक्यता मोठी आहे, आणि ती किल्ली विंडोजमध्ये आहे.

इस्कीची रचना सोलापूरसारख्या गावासाठीच केली असावी असं वाटतं. मराठी 'क', तेलुगू 'क' आणि कानडी 'क' यांचा आकडा एकच, १७९. लिपी कोणती दाखवायची ते वेगळं ठरतं. विंडोजमध्ये देवनागरी इस्कीचं कोडपेज (कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर, याचा तक्ता) ५७००२, तेलुगूचं ५७००५, कानडीचं ५७००८. फाइलीत लिपी बदलल्याची खूण नसेल तर तेलुगू नावांची यादी ५७००२नं वाचली की देवनागरीत उतरते. संस्थेला सगळी यादी एकाच लिपीत हवी असेल तर हे फुकटचं लिप्यंतर आहे. नाव मूळ लिपीतच हवं असेल तर त्या लिपीचं कोडपेज लावा.

थेट डीबीएफवर हा प्रयोग करू नका. डीबीएफमध्ये प्रत्येक रकान्याची रुंदी बाइटमध्ये ठरलेली असते. इस्कीत एका अक्षरचिन्हाला एक बाइट लागतो, युनिकोडच्या यूटीएफ-८ मांडणीत देवनागरी चिन्हाला तीन लागतात. तीस बाइटांचं नाव नव्वदपर्यंत फुगतं आणि पुढचे सगळे रकाने सरकतात. म्हणून आधी प्रोग्राममधून किंवा डीबेस या डीबीएफ उघडणाऱ्या प्रोग्राममधून यादी साध्या मजकुरात बाहेर काढा, रकान्यांमध्ये स्वल्पविराम ठेवून. मग विंडोजसोबत येणारी निळी पॉवरशेल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा आणि तीन पायऱ्या करा: फाइल 'रीडऑलबाइट्स'नं वाचा, 'गेटएन्कोडिंग' ५७००२ घेऊन त्याच्या 'गेटस्ट्रिंग'मधून ती काढा, आणि 'राइटऑलटेक्स्ट'नं यूटीएफ-८मध्ये नव्या नावानं लिहा. एक्सेलमध्ये ती फाइल नीट उघडते.

एवढं करूनही अक्षरांची खिचडीच आली तर? मग फाइल पीसी-इस्कीत असेल. आयबीएम पीसीच्या अक्षरसंचात १७९ म्हणजे उभी रेघ. डॉसचे प्रोग्राम पडद्यावरच्या चौकटी अशाच आकड्यांनी आखत, म्हणून मराठी अक्षरं बाजूला सरकवून हा दुसरा प्रकार केला गेला. विंडोजला तो येत नाही. त्याला आकड्याला-आकडा असा तक्ता करून घ्यावा लागतो. छापील जुनी यादी हाताशी असेल तर पंचवीस-तीस नावं शेजारी ठेवून तक्ता जुळवता येतो, आणि एकदा जुळला की बाकीची नोंदवही संगणक उलगडतो. तेव्हा जुने छापील कागद रद्दीत घालू नका.

प्रश्न : सुताची पोती वजनकाट्यावर ठेवली की वजन थेट डॉसच्या प्रोग्राममध्ये यायचं. नव्या संगणकाला ते नऊ पिनांचं पोर्टच नाही. आणि प्रोग्रामसोबत मागच्या मोठ्या पोर्टला लावायचं एक कुलूप (डोंगल) होतं, त्याचं काय?
— अक्कलकोट रोड एमआयडीसी

उत्तर : काटा जमेल. यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर लावा आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याला कोणता कॉम क्रमांक मिळाला ते पाहा, समजा कॉम३. मग डॉसबॉक्सच्या कॉन्फमध्ये 'सिरियल१=डायरेक्टसिरियल रिअलपोर्ट:कॉम३' असं लिहा. प्रोग्रामला ते जुनंच कॉम१ वाटतं. बॉड रेट (आकडे पाठवण्याची गती) काट्याच्या मेनूत असेल तोच हवा. तो चुकला की वजनाच्या जागी कचरा येतो; काहीच आलं नाही तर आधी केबल पाहा, काही काट्यांना सरळ तर काहींना उलटी (नल मोडेम) केबल लागते. कन्व्हर्टर दुसऱ्या यूएसबी खाचेत घातला तर कॉम क्रमांक बदलू शकतो, म्हणून ती खाच ठरवून टाका आणि चिकटपट्टीनं खूण करा.

कुलुपाचं अवघड आहे. यूएसबी-पॅरलल केबल बाजारात मिळते, पण ती फक्त प्रिंटरपुरती असते. कुलूप पोर्टच्या एकेका तारेशी थेट बोलतं, तसं ती बोलू देत नाही. मदरबोर्डवर खरं पॅरलल पोर्ट असलेला जुना संगणक या एका कामासाठी जपणं जास्त शहाणपणाचं.

प्रश्न : हिशोबाचा प्रोग्राम विंडोजचाच आहे, जुना ३२ बिट. मुनीमजींनी केलेल्या नोंदी त्यांच्या लॉगिनला दिसतात, माझ्या लॉगिनला दिसत नाहीत. संगणक एकच आहे.
— होटगी रोड

उत्तर : प्रोग्राम 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये बसवला असणार. तिथे सामान्य वापरकर्त्याला लिहायची परवानगी नसते. जुना प्रोग्राम तरीही लिहू पाहतो, तेव्हा विंडोज आवाज न करता त्याची फाइल प्रत्येकाच्या खासगी जागेत वळवतं. ती जागा युझर्सखाली त्या माणसाच्या नावात, ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर इथे असते. म्हणजे तुमच्याकडे आता दोन हिशोब तयार झाले आहेत. ज्याची तारीख नवी ती फाइल खरी, असं धरून दुसरी पुसू नका. दोन्हींत एकमेकांत नसलेल्या नोंदी असतील. दोन्ही प्रती काढा, ज्यात नोंदी कमी त्या हातानं दुसरीत भरा, मग प्रोग्राम डी:\ वर बसवून तीच प्रत दोघांनी वापरा. 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून मोकळं होण्याचा सल्ला बरेच जण देतात. त्यानं पुढचं लिखाण योग्य जागी जातं, पण आधी फुटलेला हिशोब फुटलेलाच राहतो.

प्रश्न : पगाराचा टर्बो पास्कलमधला प्रोग्राम सुरू होताच 'रनटाइम एरर २००' देऊन बंद होतो. डॉसबॉक्सची गती मॅक्सवर ठेवली आहे.
— बाळे

उत्तर : गती हीच अडचण आहे. थांबण्याची आज्ञा बरोबर चालावी म्हणून टर्बो पास्कल ७चा क्रट (पडदा आणि कळफलक सांभाळणारा) भाग सुरुवातीला सुमारे ५५ मिलिसेकंदांत किती फेऱ्या होतात ते मोजतो आणि त्या संख्येला ५५नं भागतो. उत्तर ६५५३५च्या आत बसावं लागतं. फेऱ्या ३६ लाखांपुढे गेल्या की बसत नाही, आणि संगणक ती शून्यानं भागल्याची चूक म्हणून नोंदवतो. तुमचं पगाराचं गणित तपासत बसू नका. कॉन्फमध्ये 'सायकल्स=फिक्स्ड २००००' करा, पगारपत्रकाला तेवढी गती भरपूर झाली.

प्रश्न : रोज रात्री बॅकअप घेणारी बॅच फाइल नव्या संगणकावर 'चॉइस'च्या ओळीला अडते, आणि तारखेच्या नावाचं फोल्डरही होत नाही.
— जुळे सोलापूर

उत्तर : 'चॉइस'ची मांडणी बदलली आहे. डॉसमध्ये प्रश्नाचा मजकूर नुसता लिहिला तरी चालायचा, आता त्याआधी /एम लागतं आणि मजकूर अवतरणात. पूर्वीचं '/टी:वाय,५' आता '/टी ५ /डी वाय' असं लिहायचं. तारखेचं कारण वेगळं. डेट या चलाची मांडणी प्रत्येक संगणकाच्या रीजन सेटिंगप्रमाणे बदलते. कुठे वर्ष शेवटी, कुठे आधी वाराचं नाव, आणि मध्ये तिरकी रेघ आली की फोल्डर होतच नाही. त्यावर उपाय म्हणून डब्ल्यूएमआयसी ही विंडोजची जुनी आज्ञा वापरायला सांगणारे जुने नुस्खेही आता चालत नाहीत, विंडोज ११च्या अलीकडच्या आवृत्तीत ते आधीपासून बसवलेलं नसतं. तारीख पॉवरशेलच्या 'गेट-डेट -फॉरमॅट'कडून मागा: चार छोटे वाय, दोन मोठे एम, दोन छोटे डी. एम छोटे टाकलेत तर महिन्याऐवजी मिनिटं येतात, आणि हे पहिल्या दिवशी कोणाच्या लक्षात येत नाही.

प्रश्न : डिप्लोमाला आहे. टर्बो सी डॉसबॉक्समध्ये चालवते. प्रोग्राम रन करायला कंट्रोल-एफ९ दाबलं की पूर्ण खिडकीच गायब होते, लिहिलेलं सगळं जातं.
— विजापूर रोड

उत्तर : टर्बो सीमध्ये कंट्रोल-एफ९ म्हणजे रन, मूळ डॉसबॉक्समध्ये त्याच कळा म्हणजे 'आत्ताच्या आत्ता बंद हो'. डॉसबॉक्स आधी ऐकतो. कंट्रोल-एफ१ दाबून कळांचा तक्ता उघड, त्यात शटडाउनवर क्लिक करून डेल बटण दाब, मग सेव्ह. तोवर ऑल्ट-आरनं रन मेनू उघडून काम चालव, आणि त्याआधी दर वेळी एफ२ दाबत जा.